लॅपटॉप आणि घरातील बिनतारी जाळे : दोष नेमका कोठे शोधावा?

सह्याद्रीच्या माथ्यावर, एका बाजूस गोवा आणि दुसऱ्या बाजूस बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका यांच्या सीमांना भिडलेला जोयडा तालुका हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील दाट अरण्याचा प्रदेश होय. काळी नदीचा उगम याच तालुक्यात दिग्गीच्या परिसरात होतो. याच नदीवर गणेशगुडी येथे बांधण्यात आलेल्या धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तेथील अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वस्ती विरळ, वाड्या एकमेकींपासून दूर आणि मध्ये डोंगर व झाडी. अशा मुलखात तार, टपाल आणि दूरध्वनी या सोयी जशा उशिरा पोहोचल्या, तशीच इंटरनेटची सोयही उशिरा पोहोचली.

२०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले, तेव्हा या उणिवेची जाणीव सर्वांनाच तीव्रतेने झाली. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील अनेक गावांत विद्यार्थी संकेत मिळविण्यासाठी टेकडी चढून बसत असत. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूंची केबल नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ सालीच मान्यता दिली होती. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. मोबाईल सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी ४-जी सेवेचा प्रकल्प जुलै २०२२ मध्ये मंजूर झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता देण्यात आली व त्यात केबल वर्तुळाकार जोडण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. यामुळे एका ठिकाणी झाड पडून केबल तुटली, तरी दुसऱ्या बाजूने संदेश वाहता राहू शकतो. अर्थात कागदावरील मंजुरी आणि वाडीवरील दिवा यांत अंतर असते, हे जोयड्याच्या रहिवाशांना सांगावयास नको.

तथापि ज्या घरांत, शाळांत आणि कार्यालयांत ही केबल येऊन पोहोचली आहे, तेथे आता निराळीच तक्रार ऐकू येते. राउटर नावाची पेटी भिंतीवर आहे, तिचे दिवे लागलेले आहेत, मासिक शुल्कही भरलेले आहे. परंतु लॅपटॉप काही केल्या जोडला जात नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपणार असते. अशा वेळी बहुधा लॅपटॉपलाच दोष दिला जातो. मग तो पिशवीत घालून, एक दिवस मोडून, एस. टी. ने दांडेलीस किंवा थेट कारवारास नेला जातो. दुकानात तो उघडताक्षणीच जोडला जातो, कारण त्यात बिघाड नसतोच. बसभाडे आणि दुरुस्ती तपासणीचे पैसे जातात ते जातातच, शिवाय अर्जाची मुदतही हुकते.

सुपारीच्या बागेत पाटाचे पाणी पोहोचले नाही, तर अनुभवी बागायतदार प्रथम झाडाची मुळे उकरीत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कोठवर येत आहे ते पाहतो. इंटरनेटच्या बाबतीत हाच मार्ग शहाणपणाचा आहे. येथे पाटाचे दोन टप्पे आहेत. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा पहिला टप्पा बिनतारी असून त्यालाच वायफाय म्हणतात. राउटरपासून सेवा देणाऱ्या संस्थेच्या केंद्रापर्यंतचा दुसरा टप्पा केबलचा असतो. व्यवहारात लोक दोहोंनाही ‘नेट’ म्हणतात आणि तेथूनच घोटाळ्याला आरंभ होतो. लॅपटॉप वायफायला उत्तम प्रकारे जोडलेला असूनही इंटरनेट नसणे पूर्णतः शक्य आहे. पाटाचे तोंड वर कोठेतरी बुजलेले असते, इतकेच.

मोबाईलने करावयाची पहिली चाचणी

कोणता टप्पा नादुरुस्त आहे हे ठरविण्यास घरातील मोबाईल पुरेसा आहे. तो त्याच वायफायला जोडावा आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मात्र त्यापूर्वी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करण्यास विसरू नये. वायफायमधून इंटरनेट मिळत नसल्यास पुष्कळसे मोबाईल काहीही न सांगता आपल्या सिमकार्डाचा डेटा वापरू लागतात; मग ‘मोबाईलवर तर चालते’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि सगळा दोष लॅपटॉपच्या माथी येतो.

मोबाईलवरही संकेतस्थळ उघडले नाही, तर लॅपटॉप निर्दोष समजण्यास हरकत नाही; दोष राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे आहे. मोबाईलवर उघडले आणि लॅपटॉपवर उघडले नाही, तर मात्र लॅपटॉपकडे व पहिल्या टप्प्याकडे पाहावे लागेल.

नावच दिसत नसेल तर

लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातील खुणेवर टिचकी दिली असता जवळपासच्या वायफायची नावे दिसतात. त्यांत कोणतेच नाव नसेल, तर लॅपटॉपची बिनतारी यंत्रणा बंद पडली असण्याचा संभव अधिक. विमानाचे चित्र असलेली कळ चुकून दाबली गेल्याने असे वारंवार घडते. घरात लहान मुले असल्यास तर विशेष. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला यासाठी स्वतंत्र खटका असतो. कळ व खटका ठीक असूनही नावे दिसत नसल्यास यंत्र पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावे. तरीही फरक न पडल्यास बिनतारी भागास चालविणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती बिघडलेली असू शकते. ती नव्याने उतरवून घेण्यास इंटरनेट लागते आणि तेच तर नाही, ही अडचण खरी. मोबाईल तारेने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाईलमध्ये त्यासाठी ‘यूएसबी टेदरिंग’ ही सोय असते. ज्या वाडीत मोबाईलचा संकेत नाही, तेथे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी तार जोडावी. तारेने चालले आणि बिनतारी चालले नाही, म्हणजे दोषाची जागाही आपोआप कळली.

इतरांची नावे दिसतात आणि आपलेच दिसत नाही, अशीही एक तऱ्हा आहे. हल्लीचे राउटर दोन वारंवारतांवर लहरी सोडतात, एक २.४ गिगाहर्ट्झ व दुसरी ५ गिगाहर्ट्झ. काही जुन्या लॅपटॉपना यांपैकी पहिलीच ऐकू येते. राउटरमध्ये केवळ दुसरी चालू ठेवलेली असेल, तर जुना लॅपटॉप त्यापुढे बहिरा ठरतो. सेवेच्या तंत्रज्ञाकडून २.४ ची लहर चालू करून घ्यावी, व शक्य तर तिला वेगळे नाव द्यावे.

नाव दिसते, पण प्रवेश मिळत नाही

येथे बहुतेक वेळा पासवर्डाचा दोष असतो. इंग्रजी मोठी व लहान लिपी वेगळी मानली जाते, शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर सारखे दिसते, हे लक्षात घेऊन राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावरून एकेक अक्षर पाहून भरावे. मात्र पासवर्ड पूर्वी बदलला असेल, तर तो कागद उपयोगाचा नाही.

यापेक्षा फसवा प्रकार पुढील होय. राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला, पण वायफायचे नाव जुनेच राहिले. लॅपटॉप नाव ओळखतो, आपल्याजवळ साठविलेला जुना पासवर्ड पुढे करतो, नाकारला जातो आणि नवा पासवर्ड मागण्याऐवजी कधीकधी नुसते ‘जोडता येत नाही’ असे सांगून थांबतो. त्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ हा पर्याय निवडावा, म्हणजे लॅपटॉप ती जुनी ओळख विसरेल. त्यानंतर नव्याने जोडणी करून पासवर्ड भरावा. दुकानात पैसे देऊन होणाऱ्या कित्येक ‘दुरुस्त्या’ प्रत्यक्षात एवढ्याच असतात!

प्रवेश मिळाल्यावर राउटर प्रत्येक यंत्रास एक तात्पुरता क्रमांक देतो. घराघरांतून हा क्रमांक बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. वायफायच्या माहितीत त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर राउटरने क्रमांक दिला नाही व लॅपटॉपने आपणच एक घेतला, असे समजावे. वीज जाऊन आल्यावर असे होऊ शकते, कारण राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहिलेला असतो. लॅपटॉपवरील वायफाय बंद करून क्षणभराने पुन्हा चालू करावे. तेवढ्याने न भागल्यास राउटर बंद करून चालू करावा.

रीस्टार्ट आणि रीसेट

राउटर बंद करून चालू करणे याचा अर्थ त्याचा प्लग काढणे, अर्धा मिनिट थांबणे व पुन्हा लावणे. त्यानंतर दोन-तीन मिनिटे धीर धरावा. दिवे स्थिर होण्यास तेवढा अवधी लागतो. पेटीच्या पाठीमागे टाचणीने दाबावयाचे एक बारीक छिद्र असते. त्यास मात्र हात लावू नये. ते दाबून धरल्यास राउटर ‘रीसेट’ होतो, म्हणजे त्याच्या स्मरणातील सर्व नोंदी पुसल्या जातात. त्यांत ग्राहकाचे खाते ओळखणारी, सेवा देणाऱ्या संस्थेने भरलेली माहितीही असू शकते. ती परत भरण्यास तंत्रज्ञच यावा लागतो. शहरात तो त्याच दिवशी येईल. कुंभारवाडा किंवा अणशीच्या बाजूस, पावसाळ्यात, तो केव्हा येईल याचा भरवसा नसतो. पाच मिनिटांची अडचण पंधरवड्याची होऊन बसते ती अशी.

जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही

पडद्यावर हा संदेश आला, म्हणजे पहिला टप्पा ठीक आहे. आता भिंतीवरील पेटीकडे पाहावे. काचतंतूची केबल येते त्या पेटीवर ‘एल-ओ-एस’ अशी इंग्रजी अक्षरे असलेला दिवा असतो. तो तांबडा लागला असल्यास केबलमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. काचेचा तंतू केसाएवढा बारीक असतो. कपाटामागे तो काटकोनात दबला, उंदराने कुरतडला किंवा पेटीतील जोड निसटला, तर प्रकाश अडतो. हे घरातल्या घरात पाहता येते. घरात सर्व ठीक असेल, तर जंगलातून आलेल्या केबलवर फांदी कोसळल्याचा संभव धरावा. आषाढात हा संभव मोठाच असतो. घरच्या माणसाने तुटलेला तंतू जोडण्याचा प्रयत्न करू नये. त्यास विशेष यंत्र लागते, आणि तुटलेल्या टोकाकडे डोळा लावून प्रकाश येतो का हे पाहणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तांबडा दिवा नसूनही इंटरनेट नसेल, तर शुल्काची मुदत संपली आहे काय, हे पाहावे. ही गोष्ट शेवटी आठवते, प्रथम आठवावयास हवी.

एक विलक्षण प्रकार येथेच नमूद करणे इष्ट ठरेल. शाळेतील लॅपटॉप सुट्टीत बरेच दिवस बंद पडून राहतो. त्याच्या आतील बॅटरी संपली, की घड्याळ मागे जाते आणि दिनांक कित्येक वर्षांपूर्वीचा दिसू लागतो. वायफाय जोडले जाते, इंटरनेटही असते. परंतु बँकेचे, शिष्यवृत्तीचे किंवा शासनाचे कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, आणि जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. या संकेतस्थळांची ओळखपत्रे ठरावीक मुदतीची असतात व लॅपटॉप ती आपल्या चुकलेल्या दिनांकाशी पडताळून पाहतो. दिनांक आणि वेळ बरोबर लावताच सर्व सुरळीत होते.

चिऱ्याची भिंत आणि पावसाळा

आता या प्रदेशाच्या खास अडचणीकडे वळू. वायफायची लहर ही रेडिओच्याच जातीची लहर आहे. अशा लहरी भिंतींच्या पलीकडे जाऊन घंटा वाजवू शकतात, हे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात दाखवून दिले होते. परंतु भिंत पार करताना लहर आपले बळ गमावते, आणि किती गमावते हे भिंतीवर व लहरीवर अवलंबून असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. दुसरी अधिक वेगाने माहिती वाहते, पण भिंतींपुढे लवकर दमते.

शहरातील सदनिकांच्या पातळ भिंती डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेली राउटरची क्षमता या भागातील चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतींच्या घरांस लागू पडत नाही. त्यात पाणी हे या लहरी शोषून घेते. पावसाच्या सरींनी वायफाय अडते असा एक समज आहे. घराच्या आतील अंतरांपुरते तो खरा मानण्याचे कारण नाही. पण चार महिने भिजलेली भिंत हा निराळा मामला आहे. उन्हाळ्यात ओसरीवर मिळणारे वायफाय श्रावणात नाहीसे झाले, तर लॅपटॉप जुना झाला असे समजण्याचे कारण नाही. लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर, पाण्याची टाकी यांच्या आडही लहर पोहोचत नाही.

म्हणून लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन पाहणे ही उत्तम चाचणी आहे. तेथे जोडणी झाली आणि माजघरात झाली नाही, तर दोष अंतराचा व भिंतीचा. केबल ज्या कोपऱ्यातून घरात येते त्याच कोपऱ्यात, आणि पुष्कळदा कपाटाच्या माथ्यावर, राउटर ठेवला जातो. कारण तेथे प्लग असतो. तो घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीवर, दारासमोर येईल असा ठेवावा. दार हीच लहरींची वाट असते. दूरच्या खोलीत ५ ऐवजी २.४ ची लहर निवडावी. ओळीने खोल्या असलेल्या शाळेस तारेने जोडलेला दुसरा राउटर बसविणे हाच टिकाऊ उपाय होय.

एके काळी घरातील रेडिओ संचासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, हे वयस्क वाचकांस स्मरत असेल. वायफायसाठी तसे काही करावे लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली घरगुती वापरास परवानामुक्त करण्यात आला; ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही परवानामुक्त आहे.

वीज व वळीव यांविषयी दोन शब्द. काचतंतूतून वीज वाहत नाही. गडगडाटात राउटर जळतो तो बहुधा विजेच्या तारेतून आलेल्या दाबामुळे. म्हणून वैशाखातील वळिवाच्या वेळी राउटरचा व लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वारंवार वीज जात असल्यास राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते, तीवर तो काही तास चालू राहतो. वाटेतील केंद्रातच वीज नसेल, तर मात्र या बॅटरीचा उपयोग नाही.

तक्रार करताना

‘नेट चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून कोणासही काही उमगत नाही. एल-ओ-एसचा दिवा तांबडा आहे की नाही, अडचण केव्हापासून आहे, शेजाऱ्यांकडेही ती आहे का आणि राउटर बंद करून चालू केला होता का, या चार गोष्टी सांगितल्या तर तंत्रज्ञ योग्य साहित्य घेऊनच निघतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. मदतीचा दूरध्वनी क्रमांक पावतीवर छापलेला असतो, तोच वापरावा. इंटरनेटवर शोधून मिळालेले क्रमांक कित्येकदा भामट्यांचे असतात. ‘तुमचे वायफाय दुरुस्त करतो’ असे सांगून ओ. टी. पी. मागणाऱ्यास किंवा लॅपटॉपचा ताबा घेण्यासाठी एखादे ॲप उतरवावयास सांगणाऱ्यास नकार द्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.

इतके करूनही लॅपटॉपचाच संशय उरला, तर घर सोडण्यापूर्वी एक शेवटची चाचणी करता येते. मोबाईलमधील ‘हॉटस्पॉट’ सुरू करून लॅपटॉप त्यास जोडून पाहावा. मोबाईलला संकेत नसला तरी चालेल, कारण येथे इंटरनेट पाहावयाचे नसून केवळ बिनतारी जोडणी होते की नाही एवढेच पाहावयाचे आहे. जोडणी झाली, तर लॅपटॉपची बिनतारी यंत्रणा जिवंत आहे आणि तो दांडेलीस नेण्याचे कारण नाही. झाली नाही, तर खुशाल न्यावा. चार्जर सोबत घ्यावा, आणि घरी कोणकोणत्या चाचण्या केल्या ते दुकानदारास प्रथम सांगावे. बिनतारी भागच निकामी झाला असेल, तर संपूर्ण लॅपटॉप बदलण्याची गरज नसते. यूएसबीच्या खाचेत बसणारा, बोटाच्या पेराएवढा वायफायचा तुकडा स्वस्तात मिळतो व तो लावून त्याच लॅपटॉपवर काम पुढे चालू ठेवता येते.